न पाहिलेली पेशी

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज शाळेत नवीन बाई आली. शेफाली नाव. एका संस्थेनं वर्षभर विज्ञान शिकवायला पाठवलीय. पगार संस्थाच देणार, त्यामुळे आमचे मुख्याध्यापक हनुमंत सर भलतेच खूश. "नुजहत मॅडम, तुमचा भार हलका झाला बघा," म्हणाले. भार हलका करा म्हणून मी कधी अर्ज दिला होता?

मुलगी उत्रोलीची निघाली. पुण्याची असती तर बरं झालं असतं, नाक मुरडायला जागा तरी राहिली असती. उत्रोली म्हणजे भोरातल्या माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं गाव. बापाची भातशेती आणि पोरगी एम.एस्सी. वाकून नमस्कार करायला लागली, मी मधेच हात धरला. "मॅडम, मी तुमच्याकडून शिकायला आलेय." अशी वाक्यं पाठ करूनच येतात या मुली.

आठवीला पेशींचा धडा आहे. वर्गात मी शिकवायचा, प्रयोग तिनं घ्यायचे, असं ठरलं. आठवीची वर्गशिक्षिका मीच आहे आणि मीच राहणार. हे सरांकडून दोनदा वदवून घेतलं.

१६ ऑगस्ट

आज धडा सुरू केला. चोवीस वर्षं मी तो एकाच पद्धतीनं शिकवते आणि चोवीस वर्षं तो चालतो. पेशी म्हणजे आपली शाळा. बाहेरचं प्रद्रव्यपटल म्हणजे फाटकावरचा शिपाई, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला हाकलायचं ते तो ठरवतो. केंद्रक म्हणजे मोठे सर, सगळे हुकूम तिथून. तंतुकणिका म्हणजे खिचडीची चूल, तिच्याशिवाय कोणाच्या अंगात ताकद नाही. रिक्तिका म्हणजे पाण्याची टाकी. पेशीतला कचरा साफ करणाऱ्या लयकारिका आल्या की मी खराटा मारल्यासारखा हात करते आणि पोरं हसतात. दर वर्षी याच ठिकाणी हसतात.

राजनंदिनी मात्र हसली नाही. गुंजवणे गावातली ही पोर म्हणजे माझी शोधून काढलेली. पाचवीत होती तेव्हापासून प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. आज तीनदा जांभई दिली. शेफालीनं गुंजवण्यातच भाड्यानं खोली घेतलीय म्हणे. संध्याकाळी पोरं तिच्या ओट्यावर जमतात. तिथं जागून इथं झोपायचं, असं दिसतंय.

२० ऑगस्ट, मंगळवार

"मॅडम, मायक्रोस्कोपच्या कपाटाची किल्ली?"

किल्ली माझ्या पर्समध्ये असते. भिंग नाजूक आहे, पोरं मोडतील, असं सांगून मी ते कपाट किती वर्षं उघडलं नाही, ते मलाच आठवत नाही. तिनं मायक्रोस्कोप बाहेर काढला, भिंगावरची बुरशी स्पिरिटनं पुसली, कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि पोरांची रांग लावली.

काय तो गोंगाट! "मॅडम, विटा रचल्यागत दिसतंय!" "प्रत्येक विटंत ठिपका हाय!" "सगळ्या विटा ठिपक्याच्या!" ती एवढंच म्हणाली, "तो ठिपका म्हणजे काय, ते तुम्हाला नुजहत मॅडमनी आधीच सांगितलंय." पोरं एका सुरात ओरडली, "मोठे सर!"

माझी टिंगल केली की मान दिला, काही कळलं नाही. टिंगलच असणार.

मग सगळ्यांसमोर मला म्हणते, "मॅडम, तुम्ही बघा ना."

"मी पुष्कळ बघितलंय," मी म्हटलं.

वही माझी आहे, दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. हे खोटं आहे. बी.एस्सी.ला चौघींत एक मायक्रोस्कोप होता. डोळा लावला की मला माझ्याच पापण्यांचे केस दिसायचे आणि मधे पांढरा उजेड. दिसत नाही म्हणायची लाज वाटायची, म्हणून शेजारणीच्या वहीतून आकृती उतरवली. परीक्षेतही तेच. आकृतीला दहापैकी नऊ. पेशी मी जन्मात पाहिलेली नाही. आकृती मात्र डोळे मिटून काढते, फळ्यावर, तीन मिनिटांत, रंगीत खडूंनी.

२८ ऑगस्ट

खडू कमी पडतायत. सोमवारी नवीन पेटी फोडली, आज निम्मी. शेफाली ओट्यावर पोरांना शिकवायला नेत असणार. शाळेचा माल. सरांच्या कानावर घालू का? खडूसाठी तक्रार केली तर मीच हलकी ठरेन. गप्प बसले.

राजनंदिनी आज तासाला चक्क बाकावर डोकं टेकून झोपली. उभी केली तर उभ्या उभ्या बाकाला धरून राहिली. "आईबरोबर शेतात होतीस का?" "न्हाई मॅडम." "मग?" पांढरे पडलेले ओठ मिटून माझ्याकडं बघत राहिली. शेफालीच्या तासाला हीच पोर पहिल्या रांगेत घुसते.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. दर वर्षी आजच्या दिवशी पोरं शिक्षक होऊन शिकवतात, आणि विज्ञानाची बाई जी होते ती माझी नक्कल करते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओढणी खांद्यावर पिनेनं टाचलेली, "लक्ष कुठंय बाळा?" सगळी शाळा लोळते. मी खोटं खोटं रागावते.

आज राजनंदिनी विज्ञानाची बाई झाली होती. शेफालीसारखे केस मानेवर बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. वर्गात आली, फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरांना म्हणाली, "तुम्हाला काय दिसतंय? मला सांगू नका, आधी वहीत काढा."

माझं कुणीच झालं नाही.

इरफान दुकानातून आले, पाण्याच्या मोटारींच्या तांब्याच्या तारा गुंडाळून बोटं काळी झालेली. मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पोरं दर वर्षी तेच तेच करून कंटाळली असतील." नवऱ्याकडून मला एवढाच आधार.

१९ सप्टेंबर

गणपती झाले, ईदही झाली, शाळा पुन्हा रुळावर.

काल शेफाली स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रक्तातल्या पेशी दाखवायच्यात, स्वतःच्या बोटाला टोचणार, सुई नवीन आणि पाकीटबंद. "मुलांना टोचायचा विचार नाही. पण कुणी स्वतःहून हट्ट धरला तर? तुम्ही वर्गशिक्षिका, म्हणून विचारते. पालकांची चिठ्ठी घ्यायला हवी का?" मी चाचणीच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "करा हो, त्यात काय एवढं."

आज तो तास झाला. हट्ट धरणारी अर्थातच राजनंदिनी. मी बाहेरून बघत होते. आधी शेफालीचा थेंब, मग हिचा. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, हे शेफालीनं सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "म्हंजे बिनसराची शाळा?" सगळे हसले. माझ्या धड्यावर, पण तिच्या तासाला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत शेफालीनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, राजनंदिनीचा थेंब मला बरा वाटला नाही. पाण्यासारखा फिका होता. पेशीही लहान दिसल्या, कडेला तेवढा रंग आणि मधे पोकळ. मी डॉक्टर नाही. पण हिला भोरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्यायला हवं. तुम्ही तिच्या घरी बोलाल का? मी नवीन आहे. तुमचा शब्द लोक ऐकतात."

या वयाच्या निम्म्या पोरींचं रक्त कमीच असतं. चोवीस वर्षं बघतेय मी. आणि आता ही मला कामं सांगणार. "बघते," म्हटलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

शाळा सुटली. एसटीला अर्धा तास होता. प्रयोगशाळेचं दार उघडंच, मायक्रोस्कोप खिडकीशी. शेफाली पोरांना घेऊन मैदानावर होती. काचपट्टीवर काहीतरी तसंच राहिलेलं होतं, नदीतल्या पाणगवताचं एक पान. मी दार लोटलं आणि डोळा लावला. पापण्या, पांढरा उजेड, नेहमीचंच. उठणार होते. मग आठवलं, ती पोरांना सांगते, डोळा भिंगाला चिकटवू नका, थोडा लांब धरा, दुसरा डोळाही उघडा ठेवा. तसं केलं. स्क्रू हळूहळू फिरवला.

हिरव्या चौकटी आल्या. एकाला एक लागून, रांगेनं. आणि प्रत्येक चौकटीत हिरवे दाणे होते आणि ते चालत होते.

मला वाटलं, माझा हात हलतोय. हात काढून घेतला. तरी ते चालत होते. भिंतीच्या कडेकडेनं, एकामागं एक, कोपऱ्यावर वळायचे, परत यायचे. कोणी ढकलत नव्हतं. आतला रस वाहतो आणि हरितलवकं त्याच्याबरोबर फिरतात, हे वाक्य मला पाठ आहे. वाक्य पाठ होतं, एवढंच. ते पान तोडून आणलेलं, काचेखाली दाबलेलं, आणि तरी आत हे सगळं चाललेलं. तोंडातून "या अल्लाह" निघून गेलं.

एसटी चुकली. फाट्यापर्यंत वडापनं आले. जीपमध्ये कोंबून बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारची बाई म्हणाली, "काय वो, घरचं कोन आजारी हाय का?" मी मान हलवली.

आनंद व्हायला हवा होता. थोडा वेळ झालाही. मग मनात आलं की ही सत्तावीस वर्षांची पोरगी हे रोज बघते. माझ्या पोरांना तिनं पाच आठवड्यांत दाखवलं. मी चोवीस वर्षं, हजारभर पोरांना, मेलेलं चित्र दाखवलं आणि त्यांनी मला चांगली बाई म्हटलं. आता त्यांना कळणार. राजनंदिनीला तर कळलंच आहे.

ती शाळेत आहे तोवर मला तोंड वर करता यायचं नाही.

२४ सप्टेंबर

शाळेला रजा टाकली. भोरमध्ये डीटीपीवाल्याकडं बसून एक अर्ज टाइप करून घेतला. आमच्या गल्लीतला नाही, एसटी स्टँडपलीकडचा. "आमच्या पाल्यांच्या बोटांना पालकांच्या परवानगीशिवाय सुया टोचल्या जातात. एखाद्याला रोग लागल्यास जबाबदार कोण?" खाली 'एक पालक'. एक प्रत तिच्या संस्थेला, एक हनुमंत सरांना. पोस्टात टाकले.

यात खोटं काही नाही. परवानगी खरंच घेतली नव्हती. पोरांना टोचणं चूकच आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

संस्थेची दोन माणसं आली. सरांच्या खोलीत शेफाली, मी आणि ते. त्यातल्या एकानं विचारलं, "शाळेत कुणाची परवानगी घेतली होती?"

आता ती माझं नाव घेणार.

शेफाली म्हणाली, "नाही. कुणाला विचारलं नव्हतं. चूक माझी आहे."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय? की मला कायमचं मिंधं करून ठेवायचं होतं? संध्याकाळपर्यंत याच विचारात होते. संस्थेनं तिला इथून काढून लांबच्या पासलीच्या शाळेवर पाठवलं. जाताना मला म्हणाली, "मॅडम, राजनंदिनीचं तेवढं बघा." मी हो म्हटलं.

इरफान जेवताना म्हणाले, "तुझ्या डोक्यावरचं ओझं गेलं म्हणायचं. मग तोंड का असं?"

३ ऑक्टोबर

ज्या मुलीला टोचलं ती एकटी राजनंदिनी. तेव्हा 'एक पालक' म्हणजे तिचा बाप कुंडलिक, असं सगळ्यांनी धरून चाललंय. सरांनी त्याला बोलावून झापलं. आठवीची पोरं राजनंदिनीशेजारी बसत नाहीत. "तुझ्या बापामुळं मॅडम गेल्या." आज ती शेवटच्या बाकावर एकटी होती.

मी काही बोलले नाही. दोन दिवसांत विसरतील पोरं.

आज मायक्रोस्कोप लावायचा प्रयत्न केला. पोरांना काहीच दिसेना. मी फळ्यावर आकृती काढली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रार्थनेच्या वेळी राजनंदिनी कोसळली. उन्हात उभी होती, गुडघ्यांतून वाकली आणि जमिनीवर पडली, आवाजसुद्धा आला नाही. मी धावले. डोकं मांडीवर घेतलं. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत लाल असायला हवं तिथं पांढरं होतं, कागदासारखं.

मूठ घट्ट मिटलेली. उघडली तर आत खडूचा तुकडा. दप्तराच्या कप्प्यात आणखी सात-आठ, कुरतडलेले.

"हे काय गं?"

"खाती म्या." आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. "खडू खाल्ला की बरं वाटतं. घरी भिंतीची माती बी खाती. आईला सांगू नगा."

टेम्पो थांबवला, तिला मांडीवर घेऊन भोरच्या दवाखान्यात आले. कुंडलिक मोटरसायकलवरून मागोमाग आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हिमोग्लोबिन चार पॉइंट दोन. बारा हवं. एवढ्यावर ही मुलगी शाळेत चालत येत होती? कुणाच्या लक्षात आलं नाही?"

कुंडलिक मान खाली घालून उभा. "चिखलात राबती आमच्यासंगं. दमती, आसं वाटायचं."

शौच तपासलं तर पोटात आकड्यासारखे जंत. चिखलात अनवाणी पायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्तच नाही तर पेशीपेशीला प्राणवायू कोण पोचवणार, डॉक्टरीणबाई मला समजावून सांगत होत्या. मला! मी त्यांना सांगितलं नाही की हा धडा मी शिकवते. चुलीला सरपणच जात नव्हतं आणि मी त्या पोरीला म्हणत होते, तासाला झोपतेस.

रक्त चढवायला पुण्याला हलवलं. मीही गेले. रुग्णवाहिकेत तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "शेफाली मॅडम म्हनल्या हुत्या, तुझ्या मॅडम तुला दवाखान्यात न्हेतील. म्या वाट बगत हुते. तुमी कामात हुता."

दोन आठवडे. माझी वाट बघत होती ती.

६ ऑक्टोबर

दोन पिशव्या रक्त चढलं. ओठांना थोडा रंग आला. आज तिनं आईशी भांडून भेळ मागितली.

कुंडलिकनं मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. हात जोडलेले. "मॅडम, येक काम करा. तो आर्ज म्या न्हाई लिवला वो. मला सही बी धड येत न्हाई. त्या बाईनं तर माज्या पोरीचं दुखणं वळखलं, तिच्यावर म्या कसा आर्ज करीन? गावात बोलत्यात, सर बी रागं भरत्यात. तुमी सरांना सांगा. तुमचं ऐकत्यात."

"सांगते," मी म्हटलं.

परत तेच. बघते, हो, सांगते.

८ ऑक्टोबर

इरफानना सगळं सांगितलं. कपाट, पापण्या, पान, डीटीपीवाला. ते तारेचं वेटोळं हातात फिरवत बसले. मला वाटलं होतं, रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. ते म्हणाले, "तुला एवढं जळायला झालं होतं, आणि मला कळलं नाही."

मग म्हणाले, "त्या माणसाचं काय करणार आहेस?"

१० ऑक्टोबर, गुरुवार

पालकसभा. साठ-सत्तर माणसं, सतरंजीवर बाया, मागं भिंतीला टेकून पुरुष. कुंडलिक दाराजवळ एकटा, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. हनुमंत सरांनी परीक्षेच्या तारखा सांगितल्या, शौचालयाचं सांगितलं, आणि शेवटी, "कुणाला काही?" म्हणाले.

मी उभी राहिले. रात्री पाठ केलेलं सगळं विसरले.

"शेफाली मॅडमविरुद्ध तो अर्ज मी केला," म्हटलं. "एक पालक म्हणजे मी. कुंडलिकरावांचा काही संबंध नाही. शेफाली मॅडमनी मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं होतं. राजनंदिनीला दवाखान्यात न्या, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. मी नेलं नाही."

सर पुटपुटले, "मॅडम, बसा, बसा, आपण ऑफिसात बोलू."

"का क्येलं आसं?" एक बाई म्हणाली. राजनंदिनीची आई होती, पुण्याहून आदल्या दिवशीच आलेली. रागानं नाही, खरंच विचारत होती. "तुमचं काय वाकडं क्येलं हुतं त्या पोरीनं?"

"ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते."

कुंडलिक उठला, टोपी डोक्यावर घातली, आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. त्याची बायको थोडा वेळ बसून राहिली. मग तीही उठली. जाताना माझ्याजवळ थांबली. "गाडीत तिला मांडीवर घिऊन बसला व्हता तुमी," म्हणाली. "म्हनून मी काय बोलत न्हाई. न्हाईतर बोलले आसते."

सरांनी माझा खुलासा लेखी घेतला. यावेळी माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. वर पाठवणार म्हणाले. काय व्हायचं ते होईल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

इरफाननी मोटरसायकल काढली. वेल्ह्याच्या पुढं रस्ता चढायला लागतो, भात पिवळं पडायला आलंय, वळणावळणाला इरफान विचारत होते, "धरून बसलीस ना?" पासलीला पोचलो तर दहा वाजलेले. ते फाटकाशी थांबले.

शेफाली वर्गात होती. दारातून मला बघितलं. शिकवायची थांबली नाही. दहा मिनिटांनी पोरांना काहीतरी काढायला सांगून बाहेर आली.

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही.

ती म्हणाली, "सरांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमची चूक होतेय, नुजहत मॅडम असं करणार नाहीत. भांडले मी त्यांच्याशी." तिचा आवाज फाटला. "मी तुमचं नाव घेतलं नाही कारण मला वाटलं, यांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीला माझ्यामुळं डाग नको. आणि तुम्ही तिथं बसून होता."

"हो."

"माफ केलं म्हणू का? म्हणवत नाही मला."

"नका म्हणू."

"राजनंदिनी?"

"नऊ पॉइंट एक. सोमवारपासून शाळेत येतेय. गोळ्या मी समोर उभी राहून देते."

तिनं मान हलवली. डोळे पुसले, बाहीनं, लहान मुलीसारखे. "माझा तास आहे," म्हणाली आणि आत गेली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. उठायला हवं होतं, इरफान वाट बघत होते. आतून तिचा आवाज येत होता. एक पेशी दोन कशी होते ते सांगत होती. बोर्डाकडं पाठ करून, मला कळत होतं. कुणीतरी विचारलं, "मग पहिली कुठं ग्येली?" आणि ती म्हणाली, "तूच सांग, कुठं गेली असेल?" आणि थांबली. किती वेळ थांबली! मी असते तर त्या शांततेत उत्तर सांगून मोकळी झाले असते. मग मागून एक बारीक आवाज आला, "कुटं न्हाई ग्येली. दोनीत हाय." सगळा वर्ग हसला, तीही हसली.

मनात तीच जळफळ उठली, ऑगस्टपासून ओळखीची झालेली. गेली नाहीये ती. जाईल असंही वाटत नाही.

इरफाननी लांबून हॉर्न वाजवला. मी हातानं थांबा म्हटलं, पर्समधून पेन काढलं आणि एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं, "प्रश्न विचारून गप्प बसायचं." तास संपेपर्यंत तिथंच बसले.